निळ्या वर्तुळाचे हरिकेन

(विमान-प्रतिकृती बांधणी शिबिराच्या समारोपप्रसंगी विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



साधे ग्लायडर उडवून झाले की महायुद्धातील एखादे लढाऊ विमान स्वतः बांधावे आणि रेडिओ-नियंत्रणाने उडवावे, अशी इच्छा आपल्यापैकी अनेकांच्या मनात निर्माण होईल. कोणते विमान, असे विचारले तर बहुतेकांच्या ओठांवर ‘स्पिटफायर’ हे नाव येते. मी मात्र आपल्याला ‘हॉकर हरिकेन’ सुचविणार आहे. त्याचे एक कारण बांधणीचे आहे, दुसरे इतिहासाचे.

सिडनी कॅम यांनी रचलेले हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी प्रथम उडाले. त्याच्या धडाचा मागील भाग म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी चौकटी व लांब पट्ट्या आणि वरून ताणून बसविलेले कापड. बाल्साच्या चौकटींवर पट्ट्या चिकटवून आपण आवरण ताणतो, तेव्हा मूळ कारागिरांच्या पद्धतीच्या पुष्कळ जवळ गेलेलो असतो. शिवाय हरिकेनचे पंख जाड आहेत आणि चाके आतल्या बाजूस मिटणारी, म्हणून उतरताना एकमेकांपासून चांगली दूर असतात. नवशिक्याच्या हातून विमान थोडे तिरपे टेकले तरी ते सहसा सावरते.

आता आकाराचा हिशेब पाहू. मूळ पंखविस्तार ४० फूट. एकास आठ या प्रमाणात तो ५ फूट होतो. परंतु लांबी आठपट घटली की पंखांचे क्षेत्रफळ ६४ पट घटते आणि घनफळ ५१२ पट. मूळ विमानाचे भारासह वजन सुमारे साडेतीन हजार किलो. त्यास ५१२ ने भागले तर उत्तर सात किलोच्या आसपास येते. एवढ्या वजनाची प्रतिकृती उडेलही, पण तिला हवेत टिकण्यासाठी इतका वेग लागेल की लहान मैदानावर उतरविणे कठीण होऊन बसेल. म्हणून वजन तीन-साडेतीन किलोंच्या आत ठेवावे लागते. विमान लहान करता येते, हवा लहान करता येत नाही. सारी अडचण येथे आहे.

या अडचणीतूनच शिस्त येते. हरिकेनचे नाक तुलनेने आखूड. शेपटीत जास्तीचा गोंद किंवा रंग यामुळे एक ग्रॅम वाढला, तर समतोलासाठी नाकात त्याच्या काही पट शिसे घालावे लागते. बॅटरी शक्य तितकी पुढे बसवावी आणि गुरुत्वमध्य नकाशात दाखविलेल्या जागीच आणावा. तो मागे सरकला तर पहिले उड्डाण बहुधा शेवटचे ठरते. वर्गात उत्तर थोडे चुकले तर अर्धे गुण मिळतात. हवा अर्धे गुण देत नाही.

उड्डाणाचेही असेच. पंखा एका दिशेने फिरत असल्यामुळे धावताना विमान डावीकडे ओढ घेते. सुकाणू उजवीकडे हळुवार देत राहावे लागते. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की त्याचे डावे ते आपले उजवे होते. हे हातात मुरण्यासाठी आधी संगणकावरील सराव आणि शेजारी जाणता मार्गदर्शक हवा. जागा निवडताना २०२१ च्या ड्रोन नियमावलीनुसार हवाई क्षेत्राचा नकाशा पाहून घ्यावा आणि डोक्यांवरून कधीही उडवू नये.

आता दुसरे कारण. १९४४ च्या प्रारंभी भारतीय वायुसेनेचे पहिले स्क्वाड्रन हरिकेन विमाने घेऊन इंफाळला दाखल झाले. नेतृत्व होते पंचविशीतील अर्जनसिंग यांचे. काम मुख्यत्वे टेहळणीचे. विमाने जोडीने जात. एक वैमानिक खाली जंगलावर नजर ठेवी, दुसरा त्याची पाठ राखी. हेच अर्जनसिंग १९६५ च्या युद्धात वायुसेनाप्रमुख होते आणि संरक्षणमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण.

येथे कोणी रास्त प्रश्न विचारील. ही विमाने परकीय सत्तेच्या सेवेत होती. त्याच एप्रिलमध्ये, इंफाळपासून ४५ किलोमीटरवरील मोइरांग येथे आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकविला. मग या विमानाची प्रतिकृती आपण का करावी? हा प्रश्न मी टाळू इच्छित नाही. त्या रणांगणावर दोन्ही बाजूंस आपली माणसे होती, हे आपल्या इतिहासातील दुःख आहे. परंतु २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमानांतून श्रीनगरला सैन्य उतरविणारे वायुसेनेचे वैमानिक याच पिढीतले होते. कौशल्य परक्याच्या छत्राखाली कमावले गेले, उपयोगी पडले ते स्वतंत्र देशाला. नेताजींच्या सैनिकांपुढे नतमस्तक होताना या वैमानिकांना विसरण्याची आवश्यकता नाही.

म्हणूनच शेवटचा हात रंगाचा देताना सावध राहा. बाजारातील संचांबरोबर येणारी चिन्हे बहुधा युरोपातील आघाडीची असतात, मध्यभागी लाल ठिपका असलेली. जपानी विमानांवर लाल गोळा असे. घाईच्या क्षणी आपलेच विमान शत्रूचे समजले जाऊ नये, यासाठी ब्रह्मदेश आघाडीवरील विमानांच्या चिन्हातून लाल रंग काढून टाकला होता. तेव्हा गडद हिरव्या व मातकट रंगावर गडद निळे वर्तुळ आणि आत फिकट निळा रंग, हे इंफाळचे हरिकेन. दिल्लीस गेलात तर पालमच्या वायुसेना संग्रहालयातील हरिकेन मुलांना अवश्य दाखवा.

पालकांना एकच विनंती. तयार विमान विकत आणून देण्याची घाई करू नका. चार मुलांनी मिळून एक हिवाळा खपून एक विमान बांधावे. ते कदाचित पडेल. मोडलेली चौकट पुन्हा कापावी, पुन्हा चिकटवावी. ज्या दिवशी ते मैदानावरून उचलले जाईल, त्या दिवशी पाहणारा एखादा लहान मुलगा विचारील, ‘यावर लाल ठिपका का नाही?’ त्याला नीट उत्तर देता येईल एवढी तयारी प्रत्येकाने करावी, एवढेच सांगतो आणि आपली रजा घेतो.