म्हशीची नोंद कुणाच्या मोबाईलवर?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

आजचा विषय आहे जनावरांच्या दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर कसं निवडायचं. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. हे काम डॉक्टरांचं आहे, आपलं काय त्यात, असं मलाही आधी वाटलं होतं. तसं का नाही, तेच सांगायला आज आले आहे.

आपण रोज सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत जातो. कॅन ठेवला की मशीन फॅट दाखवतं, एसएनएफ दाखवतं, लिटर दाखवतं आणि पावती बाहेर येते. गोकुळ दूध संघ 1963 साली सुरू झाला, तेव्हा असली मशीन नव्हती. मशीन आली तेव्हा आपल्याला भीती वाटली. आज शाळा न शिकलेली बाईसुद्धा पावती बघून सांगते, ‘आज फॅट कमी लागलं, वैरण बदलली म्हणून.’ म्हणजे आकडे आपल्याला कळतात. ज्या आकड्यावर आपला पैसा असतो, तो आपण शिकून घेतोच.

आता मला सांगा, दुधाची पावती मिळते, तशी म्हशीच्या औषधपाण्याची पावती आपल्याकडं असते का? कधी भरवली, कधी उलटली, कुठली लस टोचली, कुठलं इंजेक्शन दिलं? बहुतेक घरांत हे कॅलेंडरवर खुणा करून ठेवलेलं असतं, नाहीतर नुसतं डोक्यात असतं.

आमच्या भागातल्या काही गटांनी मिळून एक छोटं पशुसेवा केंद्र चालवायला घेतलं आहे. नोंदणीकृत डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस बसतात, बाकीचे दिवस फोन केला की गोठ्यावर येतात. आमची एक पशुसखी त्यांच्यासोबत फिरते. कामाचा व्याप वाढला, केसपेपर सापडेनात, उधारीचा मेळ लागेना. डॉक्टर म्हणाले, ‘ताई, आता कॉम्प्युटरवर घ्यायला पाहिजे.’ पैसे गटांचे, म्हणून निवडही गटांनी करायची ठरलं.

त्याच सुमारास आमच्या एका ताईंची म्हैस गेली. ही गोष्ट नीट ऐका. म्हैस गटाच्या कर्जातून घेतलेली. विमा ताईंच्या नावावर काढलेला. पण कानात बिल्ला मारताना घरात सासरे होते, म्हणून नोंद झाली सासऱ्यांच्या नावावर आणि मोबाईल नंबर लागला दिराचा. पुढं वैरणीच्या गव्हाणीला अडकून बिल्ला तुटला. नवीन बिल्ला मारला, नंबर बदलला. हे विमा कंपनीला कळवायचं असतं, ते ताईंना कुणी सांगितलं नाही. म्हैस मेल्यावर पॉलिसीवर एक नंबर, कानात दुसरा, आणि नावावर तिसराच माणूस. दावा अडकला. कर्जाचे हप्ते मात्र सुरूच राहिले. ताई मला म्हणाल्या, ‘आवो मॅडम, शेण मी काढलं, धार मी काढली, रात्री उठून वैरण मी टाकली, आणि कागदावर मी कुठंच न्हाई.’

त्या वाक्यानं आमची सॉफ्टवेअरची बैठक बदलली. आधी आम्ही विचारणार होतो, ‘केवढ्याला?’ आता आम्ही विचारलं, ‘यात म्हशीची मालकीण म्हणून कुणाचं नाव येतं? निरोप कुणाच्या मोबाईलवर जातो?’

दोन विक्रेते आले. पहिल्यांनी मोठ्या पडद्यावर छान दाखवलं. रंगीत चित्रं, वेळ ठरवायची सोय, बिल, सगळं होतं. पण नवीन जनावर घालताना पहिला प्रश्न आला, कुत्रा की मांजर? ही असली सॉफ्टवेअर बरीचशी शहरातल्या दवाखान्यांसाठी बनलेली असतात. तिथं एक माणूस एक कुत्रा घेऊन वेळ ठरवून येतो. आपल्याकडं डॉक्टरच गोठ्यावर जातात. एका दावणीला चार जनावरं असतात, त्यातल्या तिघांना लस आणि एकीला ताप. तिथं चार वेळा पहिल्यापासून माहिती भरत बसलं, तर डॉक्टर दोन दिवसांत ते बंद करून परत वही काढतील.

दुसरं सॉफ्टवेअर साधं होतं, दिसायला फारसं चांगलं नव्हतं. आम्ही ठरवलं, ऑफिसात बसून काही कळणार नाही. दोन्ही घेऊन संध्याकाळी गोठ्यात गेलो. पाऊस सुरू होता. राधानगरी, गगनबावड्याकडच्या मैत्रिणींना सांगायला नको, पावसाळ्यात नेट किती वेळ असतं ते. पहिलं सॉफ्टवेअर नेट नाही म्हणून गोल फिरत राहिलं. दुसऱ्यानं नेट नसताना नोंद घेतली आणि रस्त्यावर आल्यावर आपोआप पाठवली. पशुसखीनं ओल्या हातानं, बॅटरीच्या उजेडात, मराठीत तीन जनावरांची नोंद करून दाखवली. आमचा निम्मा निर्णय तिथंच झाला.

आता मी तुम्हाला आमचे प्रश्न सांगते. तुमच्या गावातले डॉक्टर किंवा तुमचा संघ असलं काही घेणार असेल, तर हे विचारा.

पहिला प्रश्न, जनावर ओळखायचं कशावरून? आपण म्हशीला चंद्री म्हणतो, लक्ष्मी म्हणतो. एका गावात दहा लक्ष्म्या असतात. म्हणून मुख्य ओळख कानातल्या बिल्ल्यावरच्या 12 अंकी नंबराचीच पाहिजे. हाच नंबर सरकारी नोंदीत असतो. आधी ती नोंद राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या ‘इनाफ’ या व्यवस्थेत व्हायची, आता ‘भारत पशुधन’मध्ये होते. सरकारी लसीकरणाची नोंदही याच नंबरावर होते. बिल्ला तुटून नवीन मारला, तर जुना आणि नवा दोन्ही नंबर एकाच पानावर दिसले पाहिजेत. आमच्या ताईंचं नुकसान नेमकं इथं झालं.

बिल्ल्याचा कंटाळा करू नका. 2024 च्या जूनपासून बिल्ला नसलेल्या जनावराची बाजारात खरेदी-विक्री करायची नाही, असा आपल्या राज्य शासनाचा निर्णय आहे. 2022 साली लम्पी आला, तेव्हा मेलेल्या दुभत्या जनावराला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये मदत होती. अशी मदत मागायला जायची, तर जनावर आपलं आहे हे दाखवावं लागतं.

दुसरा प्रश्न, मालकिणीचं नाव आणि तिचाच मोबाईल नंबर घालता येतो का? आणि एका घराला दोन नंबर लावता येतात का? मालक कागलच्या एमआयडीसीत ड्युटीवर असतात. ‘उद्या लस टोचायची आहे’ हा निरोप त्यांच्या खिशात वाजतो, आणि ते घरी येईपर्यंत शिबिर संपलेलं असतं. यात मालकांना दोष नाही. पण निरोप गोठ्यात पोचला पाहिजे. वाचता येत नाही अशा मैत्रिणींसाठी बोललेला निरोप जातो का, तेही विचारा.

तिसरा प्रश्न, तारखा आपोआप काढून मिळतात का? समजा म्हैस 1 जुलैला भरवली. एकविसाव्या दिवशी, म्हणजे 22 जुलैच्या आसपास, ती परत माजावर येते का ते बघायचं. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, ओरडत नाही, म्हणून तारीख माहीत असणं जास्त गरजेचं. सप्टेंबरमध्ये गाभण आहे का याची तपासणी. गाभण असेल तर मार्चच्या सुरुवातीला आटवायची, कारण 310 दिवस धरले तर 7 मेच्या आसपास ती विणार. गाय असेल तर 280 दिवस, म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा. एक माज हुकला की 21 दिवसांची वैरण आणि पेंड फुकट गेली. हा हिशेब सॉफ्टवेअरनं करून आपल्याला कळवला, तर त्याचा पैसा वसूल झाला.

लसीचंही तसंच. लाळ-खुरकतची लस दर सहा महिन्यांनी. घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी. ब्रुसेला, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची लस मादी वासराला चार ते आठ महिन्यांच्या वयातच, आयुष्यात एकदा. ते वय निघून गेलं की संधी गेली. म्हणून रेडी जन्मली त्या दिवसाचीच नोंद पाहिजे.

चौथा प्रश्न, औषधाची नोंद पूर्ण होते का? कास सुजली की अँटिबायोटिक देतात. ते दुधात उतरतं. किती दिवस दूध घालायचं नाही, ते बाटलीवर छापलेलं असतं. खास काळ ठरवलेला नसेल, तर नियमानं दुधासाठी किमान 7 दिवस धरतात. हे दूध आपलीच लेकरं पितात, आणि गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून ताज्या धारेचं दूध पिणारा माणूसही विश्वासानं पितो. तेव्हा इंजेक्शनचं नाव, तारीख आणि ‘अमुक दिवसापर्यंत दूध घालू नका’ हे केसपेपरवर छापून आलंच पाहिजे.

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. उद्या तुमचं सॉफ्टवेअर बंद करायचं ठरवलं, तर आमची माहिती आमच्या हातात कशी देणार? आम्ही दोघांनाही सांगितलं, आत्ता इथं बसून चार जनावरांची सगळी नोंद काढून द्या. दुसऱ्यांनी पाच मिनिटांत एक्सेलची फाईल पेन ड्राइव्हवर दिली. पहिले म्हणाले, ‘कंपनीला अर्ज करावा लागेल.’ म्हणजे आपल्या म्हशींची माहिती आपणच भरायची आणि परत आपणच मागायची. आम्ही त्यांना चहा दिला आणि नमस्कार केला.

याच प्रश्नाला जोडून विचारा, आमचे मोबाईल नंबर दुसऱ्या कुणाला देणार का? कुणाकडं किती म्हशी, कुठली कधी विणार, ही माहिती पेंड विकणाऱ्याला, व्यापाऱ्याला पाहिजेच असते. 2023 चा माहिती संरक्षणाचा कायदा आहे, त्यात आपली संमती महत्त्वाची धरली आहे. संमतीचा कागद मराठीत मागा आणि वाचूनच सही करा.

आणि एक. 2019 आणि 2021 चा महापूर आपण बघितला आहे. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या कितीतरी घरांत पाणी शिरलं, कागदपत्रं भिजली. वही भिजते आणि मोबाईलही भिजतो. म्हणून नोंद दोन ठिकाणी पाहिजे, एक केंद्रावर आणि एक पाणी पोचणार नाही अशा दुसऱ्या जागी.

आम्ही दुसरं, साधं सॉफ्टवेअर घेतलं. ते सगळ्यात चांगलं आहे असं मी म्हणत नाही. औषधांच्या साठ्याचा हिशेब त्यात नीट होत नाही, म्हणून औषधांच्या मुदतीच्या तारखा आणि लसींच्या फ्रीजचं तापमान, जे 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, ते आम्ही अजून रजिस्टरमध्येच लिहितो. पहिला महिना वही आणि मोबाईल दोन्ही चालवलं. पशुसखीला दुप्पट काम पडलं, ती वैतागली. म्हणून तिच्या मानधनात त्या महिन्यापुरती वाढ करायची असं गटांनी ठरवलं. तुम्हीही हा खर्च आधीच धरा. सॉफ्टवेअरची किंमत सगळे विचारतात, पण नोंदी भरणाऱ्या बाईच्या वेळेची किंमत कुणी धरत नाही.

तुमच्या गावात असलं केंद्र नसेल, तरी आज एक काम करा. शंभर पानी वही घ्या. एका जनावराला एक पान. वर 12 अंकी नंबर लिहा, कुणाच्या नावावर आहे ते लिहा, कुठला मोबाईल लावला आहे ते लिहा. खाली भरवल्याची तारीख, लस, आजार, औषध, डॉक्टरांचं नाव. लिहिता येत नसेल तर पाचवीतल्या मुलीला सांगा, तिच्याकडून लिहून घ्या. विमा असेल तर पॉलिसीवरचा नंबर आणि कानातला नंबर एकच आहे का, ते आजच संध्याकाळी धार काढताना बघा. एक नसेल तर उद्या विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच घ्या. नाव चुकीचं असेल तर जनावरांच्या सरकारी दवाखान्यात जाऊन दुरुस्ती मागा. जनावर आजारी पडलं तर 1962 हा फोन नंबर फुकट लागतो, फिरता दवाखाना तिथून मिळतो. फोन करताना बिल्ल्याचा नंबर जवळ ठेवा.

आमच्या ताईंनी पुन्हा म्हैस घेतली आहे. बिल्ला मारायला माणसं आली, तेव्हा सासरे अंगणातच बसले होते. त्यांनीच हाक मारली, ‘सूनबाई, ये गं, तुझा नंबर सांग त्यांना.’ ताईंनी पहिल्यांदा आपला मोबाईल नंबर पाठ म्हणून दाखवला. दोन आकडे चुकले, परत म्हटला. आता केंद्रातून पहिला निरोप त्यांच्याच फोनवर आला आहे, 22 तारखेला माजावर लक्ष ठेवा म्हणून.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा आणि प्रत्येकीला विचारा, तुझ्या म्हशीच्या नोंदीला कुणाचा मोबाईल नंबर लावला आहे? किती जणींना उत्तर माहीत आहे, ते आम्हाला रेडिओवर जरूर कळवा.

नमस्कार.