गलबतावरचा हिवाळा

घाटावर हिवाळा म्हटला कीं शेकोटी, कांबळें आणि हुरडा यांची आठवण होते. कोंकणच्या दर्यावर्दी माणसाला मात्र हिवाळा म्हणजे घर सोडण्याचा ऋतु वाटे. पावसाळ्याचे चार महिने झांवळ्यांखालीं शाकारून ठेवलेलें गलबत तो उघडी, तळाला चुना व तेल यांचा लेप देई आणि पाण्यांत लोटी. तेव्हांपासून वैशाखापर्यंत तें गलबत हेंच त्याचें घर होई.

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला, तरी मालाचीं मोठीं गलबतें लगेच दूरच्या वाटेला लागत नसत. हस्त नक्षत्र सरण्याची वाट पाहिली जाई. पाऊस परततांना या सुमारास एकाएकीं वावटळी सुटतात. हस्ताला लोक ‘हत्ती’ म्हणतात. पोर्तुगीज खलाशांनीं हाच शब्द आपल्या भाषेंत नेला आणि या वादळांना ‘एलिफांता’ हें नांव पडलें. हत्ती एकदां गेला कीं दर्या निवळे.

मध्यम आकाराच्या पत्तेमारीवर दहाबारा खलाशी व त्यांचा तांडेल असे. गलबताच्या पोटांत मंगळुरी कौलें, मलबारचें लांकूड, मीठ किंवा नारळ भरलेले असत. माणसाच्या वांट्याला मागील बाजूची थोडी जागा उरे. लांकडी पेटींत माती थापून केलेली चूल, गोड्या पाण्याचें पिंप, तांदूळ, सुकी मासळी आणि आमसुलें, एवढ्यावर त्यांचा संसार चाले. गोडें पाणी पिण्यापुरतें आणि भातापुरतें. बाकी सारें खाऱ्यावर भागवावें लागे. रात्रीं दंव असें पडे कीं अंगावरचें कांबळें सकाळीं ओलें होई. म्हणून जुन्या शिडाचा आडोसा करून सारे एकमेकांना लागून निजत.

या संसाराचें घड्याळ म्हणजे वारा. रात्रीं जमीन समुद्रापेक्षां लवकर निवते आणि तिच्यावरची थंड हवा समुद्राकडे वाहूं लागते. हा मतलई वारा. मध्यरात्रीनंतर तो जोर धरतो आणि सकाळीं नऊदहाच्या सुमारास मरतो. मग घटका दोन घटका शीड लोंबत राहतें. दुपारीं जमीन तापली कीं वाऱ्याचें तोंड फिरतें व वायव्येकडून समुद्राचा वारा सुटतो, तो सूर्यास्तापर्यंत टिकतो. दक्षिणेस जाणाऱ्या गलबताला हा दुपारचा वारा पाठीशीं मिळे. मुंबईकडे परतणाऱ्याच्या मात्र तो तोंडावर येई. त्याला उत्तररात्रीं उठून, अंधारांत नांगर उचलून, मतलईच्या बळावर किनाऱ्यालगत जितकें वर सरकतां येईल तितकें सरकावें लागे. निसर्गानें त्याची थोडी भरपाईहि केली आहे. नोव्हेंबर ते जानेवारी या काळांत किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो आणि परतणाऱ्याला हळूहळू पुढें नेतो.

वाऱ्याच्या जोडीला भरती-ओहोटीचा हिशेब असे. मुंबईच्या बंदरांत उधाणाला पाणी पंधरा फुटांच्या आसपास चढतें व उतरतें. गोव्याकडे तेंच सहासात फुटांवर येतें. अनेक खाड्यांच्या मुखाशीं वाळूचा दांडा असतो. भरती असतांना त्यावरून गलबत सुखानें आंत शिरे. ओहोटीला तेथेंच तळ टेकून लाटांचा मार खाई. भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. तेव्हां काल ज्या वेळीं खाडींत शिरतां आलें, त्या वेळीं चार दिवसांनीं शिरतां येईलच असें नाहीं.

म्हणून दुपार झाली कीं तांडेलापुढें एकच प्रश्न उभा राही: आज रात्रीं कोणती खाडी? खेपा जितक्या अधिक तितकी मिळकत अधिक. वारा चांगला असतां जवळच्या बंदरांत शिरणें म्हणजे हातचा दिवस दवडणें. तरुण खलाशी म्हणे, “मामा, वारा भरलेला आहे, पुढचें बंदर गांठूं या.” म्हातारा उत्तर देई, “वारा आहे रे पोरा, पण दिवस किती उरला तो बघ.” मालवणपुढचे खडक किंवा वेंगुर्ल्यासमोरचे बेटासारखे कातळ अंधारांत कोणाची गय करीत नाहींत. जयगड, विजयदुर्ग, देवगड या नांवांचा अर्थ तांडेलाच्या लेखीं ‘रात्रीचा निवारा’ असाच होता.

आणि शांत हिवाळाहि कधीं कधीं दगा देतो. 1948 च्या नोव्हेंबरांत ऐन सुगीच्या हंगामांत चक्रीवादळानें मुंबईला झोडपलें. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत यंत्र आलें, शिडें उतरलीं, पत्तेमाऱ्या किनाऱ्यावर कुजून गेल्या. यंत्राला मतलईची वाट पाहावी लागत नाहीं. यंत्राची नाव रात्रींहि चालते आणि वाऱ्याच्या तोंडावरहि जाते. वाऱ्याचें घड्याळ बंद पडलें, तसें तें वाचणारे तांडेलहि एकएक करून गेले.

परंतु वादळापुढें यंत्राचें कांहीं चालत नाहीं. 2017 च्या डिसेंबराच्या आरंभीं ‘ओखी’ चक्रीवादळ अरबी समुद्रांत शिरलें, तेव्हां केरळ व तामिळनाडु येथील 68 नौका 952 मच्छीमारांसह कोंकणच्या किनाऱ्याला लागल्या. त्यांना आसरा मिळाला तो देवगडच्या बंदरांत, जेथें शिडाच्या काळचे तांडेल नांगर टाकीत होते. घरीं वाट पाहणाऱ्या कुटुंबांना आपलीं माणसें जिवंत असल्याचें तेथूनच कळलें. जवळची खाडी कोणती आणि तिच्यांत केव्हां शिरावें, हें जाणणारा एक तरी माणूस प्रत्येक नावेवर असावा, एवढेंच त्या जुन्या हिवाळ्यांचें मागणें आहे.