उघडून पाहावे, मग घडवावे



आपल्या मुलांच्या घरी यंत्रे पुष्कळ आहेत. पण त्यांच्या अंतरंगाशी मुलांची ओळख नाही. बिघडले की टाकावे, नवे आणावे, हा रिवाज पडला आहे. नव्या वस्तूची रचना ज्यांना करावयाची आहे, त्यांनी आधी जुनी वस्तू उघडून वाचली पाहिजे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

माळ्यावरचा जुना ट्रान्झिस्टर घ्या. पाठ उघडताच वरच्या कडेला एक काळी आडवी कांडी दिसते. तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे असतात. मध्यम लहरी टिपणारी एरियल ती हीच. स्पीकरचे लोहचुंबक जवळ आले तर तिचे काम बिघडते, म्हणून ती दूर बसविलेली असते. लहरी येतात त्या दिशेला तिची कूस असावी लागते, टोक नव्हे. रात्री कुंभकोणमला मुंबई केंद्र लावताना आपली वडीलधारी मंडळी रेडिओ हळूहळू का फिरवीत, याचे उत्तर त्या कांडीत आहे.

म्हणजे प्रत्येक भागाची जागा हा रचनाकाराने केलेला एक निर्णय असतो. तो ओळखणे म्हणजे नक्कल करणे नव्हे. कोइमतूरचे जी. डी. नायडू (१८९३–१९७४) यांनी तरुणपणी एक मोटारसायकल सुटी करून पुन्हा जोडली. पुढे त्यांनी मोटारसायकली काढल्या नाहीत. विजेची मोटार आणि विजेवर चालणारे दाढीचे यंत्र घडविले. हाती आला तो नमुना नव्हे, समज आली.

आजचा मोबाइल उघडू जावे तर बॅटरी चिकटवून टाकलेली आढळते. हाही निर्णयच, जाडी कमी झाली, दुरुस्ती अवघड झाली. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ साली समिती नेमली, ती याच अडचणीपोटी. पण कायद्याइतकीच गरज आहे ती स्वतः स्क्रू फिरविलेल्या रचनाकारांची.

आमची सूचना साधी आहे. महिन्यातून एक रविवार मंडळाच्या जागेत मुलांनी जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली एक निकामी यंत्र उघडावे. वीज तोडलेली असावी. जुन्या दूरचित्रवाणी संचाला आणि फुगलेल्या बॅटरीला हात लावू नये. प्रत्येक भागाचे चित्र काढावे, सारे पुन्हा जोडावे, आणि वहीत लिहावे: हे आपण केले असते, तर काय बदलले असते?

ती वही मंडळाने जपून ठेवावी.