आगाऊ म्हटली जाणारी पोर

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



वस्तीत 'हुशार मूल कोणतं?' असं विचारलं की पहिला नंबर काढणाऱ्याकडे बोट जातं. पण असामान्य बुद्धीच्या खुणा प्रगतिपुस्तकात सापडतातच असं नाही. एकदा ऐकलेलं नेमकं लक्षात राहणं, पुडीचा कागदसुद्धा वाचून काढणं, एकाच गोष्टीमागे दिवसचे दिवस लागणं, न संपणारे 'का?', आणि शिकवलेलं आधीच येतं म्हणून वर्गात चुळबुळ! बाईंना ते मूल त्रासदायकच वाटतं.

त्यातून ती मुलगी असेल तर? मुलाने रेडिओ उघडला की 'इंजिनिअर होणार', तिने उघडला की 'नसते उद्योग'. तिने प्रश्न विचारले की ती आगाऊ, तोंडाळ. शिवाय तिची बुद्धी घरकामात मुरते. दहा वर्षांची पोर दुकानाची सगळी उधारी तोंडी सांभाळते, आणि आपण म्हणतो, 'कामाची आहे हो!' तिला गणितात गती आहे, असं कुणी म्हणत नाही.

मुलींना हे फार लवकर कळतं. २०१७ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या मुलांचा एक अभ्यास आला. 'खूप खूप हुशार' माणूस बाई असू शकते, हे पाच वर्षांच्या मुली सहज मानत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुली तसं कमी मानू लागल्या. खेळ 'खूप हुशार मुलांसाठी' आहे म्हटलं की त्यांचा रसही कमी व्हायचा. आपल्याकडे याहून बरं असेल, असं मला तरी वाटत नाही.

एक धोका मात्र आहे. 'पोर हुशार आहे, तिला शिकवा' असं आपण पालकांना सांगतो. मग जी तशी नाही तिने घरी बसायचं का? शाळा प्रत्येकीच्या हक्काची. या मुलीला त्यावर आणखी काही हवं असतं, एवढंच.

ते कधी कधी जवळही असतं. देशातल्या पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक अमरावती जिल्ह्यात निघालं, १९८५-८६ साली. पाचवीत परीक्षा, सहावीत प्रवेश. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, किमान एक तृतीयांश मुलींना, राहणं-जेवण मोफत. तरी फॉर्म भरायची वेळ आली की भावाचा आधी भरला जातो, आणि तिच्यासाठी 'एवढ्या लांब वसतिगृहात कशी ठेवायची?' हा प्रश्न निघतो. त्या दिवसांत त्या घरी जाऊन बसायचं. जमलं तर आईला बरोबर नेऊन मुलींचं वसतिगृह दाखवून आणायचं.