आधी भरती, मग सुट्टी

गेल्या वर्षी आम्ही नुसता रविवार पाहून ऐरोलीहून ठाणे खाडीत बोटीने रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला गेलो. भरती पुरती चढलेली. पक्षी एकही नाही! बरोबरच्या आजी हिरमुसल्या.

रोहित उघड्या चिखलात चरतात. चिखल बुडाला की नेरूळच्या पाणथळींवर विसाव्याला जातात. पुरत्या ओहोटीत बोटच रुतते. म्हणून मधली वेळ गाठायची. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. आधी वेळापत्रक बघा, मग सुट्टी टाका.

यंदा आम्ही बोटीनंतर कांदळवनातली फेरी ठेवलीय, आणि भरतीच्या वेळी नेरूळ. त्या पाणथळी बुजल्या, तर भरतीत हे पाहुणे उतरतील कुठे?