पहिल्या मिनिटाची विद्या

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बालाघाट येथे झालेले भाषण)



महोत्सवाचे स्मारक म्हणून प्रसूतिगृहास एखादे मोठे यंत्र द्यावे, अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. सूचना स्तुत्य आहे. तरी निर्णयापूर्वी परिचारिका व सुइणींच्या शिक्षणाविषयी दोन शब्द ऐकावेत, ही विनंती.

दर दहा नवजात बालकांपैकी सुमारे एकाला पहिला श्वास घेण्यास मदत लागते. बहुतेकांना साधे उपाय पुरतात. ऊबदार, कोरड्या कापडाने अंग पुसावे, डोके किंचित मागे कलते ठेवावे, घाण अडकली असल्यास आधी तोंड व मग नाक साफ करावे आणि पाठ चोळावी. पाय धरून उलटे टांगणे व चापट्या मारणे या जुन्या रीती सोडल्या पाहिजेत. एवढ्यानेही श्वास आला नाही, तर पहिल्या मिनिटाच्या आतच मुखवटा बसवून पिशवीने हवा द्यावयाची. छाती हलकेच वर आली, की हवा पोचली असे समजावे. पूर्ण दिवसांच्या बाळाला आरंभी साधी हवा पुरते. ऑक्सिजनसाठी खोळंबू नये.

ही विद्या सामान्य शिक्षणाच्या स्त्रियाही शिकू शकतात. आपली वैनगंगा पुढे ज्या गडचिरोली जिल्ह्यात जाते, तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून 39 गावांत असा प्रयोग केला. गावातल्याच स्त्रियांना श्वास देणे, ऊब राखणे, स्तनपान व जंतुदोषावरील उपचार शिकविले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’ने 1999 साली हा वृत्तांत छापला.

भारत सरकारनेही 2009 मध्ये नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू करून प्रसूतीचे काम करणाऱ्यांस हे शिक्षण देऊ केले. मग ट्रस्टने काय करावे, असे आपण विचाराल.

शिकलेले हात सरावावाचून गंजतात. बैहरकडील एखाद्या आडबाजूच्या केंद्रात महिन्याला पाच बाळंतपणे होत असतील, तर पिशवी वापरण्याची वेळ वर्षातून दोनतीनदाच यावयाची. त्या वेळी पुस्तक उघडण्यास सवड नसते. म्हणून माझी सूचना अशी: ट्रस्टने सरावाच्या बाहुल्या, जादा पिशव्या व दोन मापांचे मुखवटे घेऊन द्यावेत. दरमहा अनुभवी परिचारिकेने केंद्रावर जाऊन अर्धा तास सराव घ्यावा आणि तिचा प्रवासखर्च ट्रस्टने सोसावा. प्रत्येक बाळंतपणापूर्वी पिशवी तपासण्याची सवयही त्यातूनच लागेल.

यावर नावाची पाटी लावता येणार नाही. पण बाळ रडल्याचा आवाज ऐकून बाहेर बसलेली आजी हात जोडील, त्यात आपला वाटा असेल. याचा विचार व्हावा.