कागद वाचणारी माणसं हवीत



राज्यशास्त्र घेतल्यापासून घरी एकच प्रश्न असतो, "पुढं करणार काय?" मी म्हणते, कागद वाचणार. बाबा हसायचे. आता हसत नाहीत. का, ते सांगते.

आमच्या घरी ट्रंकेत पणजोबांचा एक मोडी कागद होता. शेजारचं शेत आपलंच, हे त्याचं खरेदीखत, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. गेल्या वर्षी वाद निघाला. घरात चौघं शिकलेली, पण एकालाही ओळ लागेना. शेवटी एका निवृत्त गुरुजींनी तो वाचला. ते गहाणखत निघालं! शेत शेजाऱ्यांनी आमच्याकडं फक्त गहाण ठेवलं होतं. बाबा दोन दिवस गप्प होते. मग कोर्टात जायचा विचार त्यांनी सोडला.

त्या दिवशी मला कळलं, कागद आपल्याच बाजूनं बोलेल असं नाही. जे लिहिलंय तेच सांगायचं, हे या कामाचं पहिलं शिस्तीचं पाऊल. मग विचारायचं: हा मूळ कागद की नक्कल? कुणी, कधी, कशासाठी लिहिला? दुसरा कागद त्याला दुजोरा देतो का?

सीमाप्रश्नाचंही तेच. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आपण नाकारतो. पण आपल्यातल्या किती जणांनी तो वाचलाय? मीही परवापर्यंत वाचला नव्हता. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तिथं घोषणा चालत नाहीत. तिथं जनगणनेचे तक्ते, महसुली दप्तर असे कागदच मांडावे लागतात.

आणि यात पोटापाण्याचं कामही आहे. जमिनीचे जुने व्यवहार तपासायला वकिलांना, कर्ज देताना बँकांना असा माणूस लागतो. आपल्याला मराठी येते, शाळेत कन्नड शिकलोय, इंग्रजी वाचतो. राहिली मोडी, ती सरावानं येते. चार लिपी वाचणारा पोरगा किंवा पोरगी सीमाभागात तयार होणार नाही, तर कुठं होणार?

तेव्हा या रविवारी घरातली ट्रंक उघडा. कागदांचे फोटो काढा, पण लॅमिनेशन करू नका, त्यानं जुना कागद खराब होतो. आणि त्यात काय लिहिलंय ते ऐकायची तयारी ठेवा.